तीन पानांची बेरीज

गोव्यातल्या पार्से गावच्या तिंट्यावर संध्याकाळ झाली की एकच प्रश्न कानी यायचा, ‘ओपन कितें?’ मटका म्हणजे आकड्यांवर पैसे लावायचा जुगार. त्यात दोन आकडे निघतात, आधी ओपन, मग क्लोज. मला वेड लागलं ते आकड्याच्या जन्माचं. काकांच्या लाकडी पेटीत पत्तीचा, म्हणजे तीन अंकांच्या जुळण्यांचा, एक पिवळा पडलेला तक्ता मिळाला होता. घड्यांवर फाटलेला, कडेला पेन्सिलीच्या खुणा. शून्य ते नऊ असे दहा रकाने आणि प्रत्येक रकान्यात २२ पत्त्या: १२ सिंगल (तिन्ही अंक वेगळे), ९ डबल (दोन सारखे), १ ट्रिपल (तिन्ही सारखे). एकूण २२०. कुठल्याच आकड्याला एकही पत्ती कमी-जास्त नाही.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर पैसे लागत. ओपन-क्लोज हे शब्द तिथले. १९६१ मध्ये तो आधार गेला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आधी आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढत. त्या गेल्या, पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. ४, ७, ८ आली तर बेरीज १९, आकडा ९.

पण पानं तीनच का? तिन्ही पानं एकेकाने वाढवून पाहा, नव्वीनंतर दश्शी, म्हणजे शून्य, धरून. शेवटचा अंक दर वेळी तीनने सरकतो: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. दहाही घरं फिरून होतात, म्हणून सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. चित्रं काढून टाकलेल्या ४० पानांतून तीन पानं ९,८८० प्रकारे निघतात. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला नेमके ९८८ प्रकार. दोनच पानं काढली असती तर उडी दोनची झाली असती आणि सम घरातून विषम घरात जाताच आलं नसतं. ७८० जोड्यांपैकी प्रत्येक सम आकड्याला ७६, प्रत्येक विषम आकड्याला ८०. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा त्या फाटक्या तक्त्याबद्दल मला खरोखर आदर वाटला.

मात्र ही समानता पत्ते नीट पिसलेले असतील तरच. नसतील तर? कच्च्या, म्हणजे एका बाजूला झुकलेल्या, यदृच्छेतून पक्की यदृच्छा गाळता येते का, हा संगणकशास्त्रातला गाभ्याचा प्रश्न आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये एक युक्ती दिली. कवडी उताणी जास्त पडते की पालथी, ठाऊक नसलं तरी चालेल. ती दोनदा टाका. उताणी-पालथी आली तर एक, पालथी-उताणी आली तर शून्य, दोन्ही सारख्या आल्या तर पुन्हा टाका. पण प्रत्येक फेक आधीच्या फेकींपासून स्वतंत्र हवी आणि कवडीचा कल मध्येच बदलता कामा नये.

समजा, आधीच्या फेकी पाहून कोणी प्रत्येक वेळी किंचित कल देतो आहे. मग? संगणकशास्त्रज्ञ मिक्लोश शांता आणि उमेश वझिरानी यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलं की यदृच्छेच्या अशा एकाच उगमातून, सूत्र कितीही हुशारीचं असो, एकही निर्दोष बिट (शून्य किंवा एक) खात्रीने काढता येत नाही. बेरीज, शेवटचा अंक, काहीही करा, कल देणारा पुरून उरतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा निकाल हाच. वाट निघते ती दुसऱ्या, पहिल्याशी काडीचा संबंध नसलेल्या उगमामुळे. दोन्हींचे बिट जोडीने गुणायचे आणि त्या गुणाकारांची बेरीज सम की विषम ते पाहायचं. उगम फारच अशक्त असतील, म्हणजे त्यांत यदृच्छा फारच कमी असेल, तर हे सूत्र पुरत नाही. तशा दोन उगमांसाठीही एशान चट्टोपाध्याय आणि डेव्हिड झुकरमन यांनी २०१६ मध्ये नवी रीत दिली. तिला संगणकशास्त्रातलं २०२५ चं ग्योडेल पारितोषिक मिळालं.

तेव्हा तक्ता निर्दोष आहे, पण पैसे कुठे लागले हे पाहून पानं काढणाऱ्या हातापासून तो कोणालाही वाचवू शकत नाही. आणि मटक्यात ओपन आणि क्लोज, दोन्ही एकाच अड्ड्यावरून निघतात.