एकोणीस अक्षरांचा दगड

बुरोंडीच्या टेकडीवर परशुराम उभा आहे, पृथ्वीच्या अर्धगोलावर पाय रोवून. संपादकांनी पाठवलं होतं ते त्याच्यावर लिहायला. गोलाच्या पोटात शिरून सहज कवितेची एक ओळ म्हटली, तर ती घुमून परत आली. बघायचं शिल्प एकदम ऐकायचं झालं, आणि मला मालगुंड आठवलं; तिथे उलट, ऐकायच्या कविता बघायच्या दगडात कोरल्या आहेत. दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर, तवसाळहून पुन्हा फेरीबोटीने जयगड, असं करत केशवसुत स्मारकात पोचलो.

इतिहास दोन वाक्यांत सांगतो. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कवी केशवसुत, मालगुंडला १८६६ मध्ये जन्मले आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने हे स्मारक उभारलं आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. जन्मघर जुन्या वळणाने राखलं आहे. मी मात्र अंगणापलीकडे, दगडात कोरलेल्या कवितांपाशीच रेंगाळलो.

कविता कोरणं हे नाव कोरण्याइतकं सोपं नाही. कोकणात दगड म्हटला की जांभा. तो घराला उत्तम, पण अंगभर भोकं. अनुस्वार कुठला आणि जांभ्याचं भोक कुठलं, हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? म्हणून कवितेला घट्ट दगड लागतो. त्यावर टाकी जरा घसरली की जोडाक्षराचा पाय तुटतो आणि शब्दच बदलतो.

त्यात वृत्ताचा हट्ट. केशवसुतांनी इंग्रजीतला चौदा ओळींचा सॉनेट मराठीत आणला. पुढे त्याला सुनीत हे नाव मिळालं आणि शार्दूलविक्रीडित हे वृत्त त्याला चिकटलं. या वृत्ताच्या एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे क्षणभर थांबा. म्हणजे एका सुनीताला २६६ अक्षरं. शिळा अरुंद असेल तर ओळ मोडावी लागते, आणि ओळ मोडली की यती भलतीकडेच पडतो. दगडाची रुंदी इथे गवंड्याने नव्हे, छंदशास्त्राने ठरवायची.

आणि मग पाऊस. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. श्रावण सरेपर्यंत अक्षरांच्या खाचांत शेवाळ भरतं. ते नारळाच्या काथ्याने घासावं. जोराने घासलं तर कडा झिजतात, नाही घासलं तर कविताच हिरवी होते. वर समुद्राचा खारा वारा आहेच. केशवसुतांनी नैर्ऋत्येकडच्या वाऱ्यांना उद्देशून कविता लिहिली. कोकणचा पाऊस आणणारे तेच वारे आज दगडावरची अक्षरं चाटून जातात.

पण मला धास्ती वाटली ती वेगळीच. सहलीला आलेली एक मुलगी शिळेवरचा मजकूर बातमी वाचावी तसा वाचत होती. शेजारचे एक आजोबा म्हणाले, “बाय, असं नाय गो.” आणि पाठ असलेलं एक सुनीत त्यांनी चालीवर म्हटलं. बाराव्या अक्षरावर श्वास घेतला, उरलेली सात सोडली. मुलं हसली, मग गप्प झाली.

झिजलेलं अक्षर पाथरवट पुन्हा कोरेल. तो श्वास कुठल्या शिळेवर कोरायचा? मुलीने मान हलवत, बोटांवर मोजत, एक ओळ म्हणून पाहिली. तेराव्या अक्षरावर अडखळली. आजोबा म्हणाले, “पुन्हा म्हण.”