वेगळा केलेला कचरा जातो कुठे?

पुण्यात कचऱ्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपण ओला-सुका वेगळा करायचा, आणि पुढे गाडीत सगळं एकत्रच करतात." काही ठिकाणी हा अनुभव खराही असेल. पण पुण्याच्या मोठ्या भागाला तो लागू पडत नाही. का पडत नाही, हे समजण्यासाठी दारावर कचरा न्यायला येणारी बाई कोण आहे, हे आधी माहीत हवं.

ती बहुधा 'स्वच्छ' या सहकारी संस्थेची सभासद असते. ही संस्था कचरावेचकांची स्वतःची आहे. मालकही त्याच आणि कामगारही त्याच. तिची मुळं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेत आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांनी वेचक बायकांसोबत काम सुरू केलं आणि १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ही संघटना उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यांतल्या अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेली. कंटेनरमध्ये उतरून, कुत्री आणि पोलीस दोघांना तोंड देत त्या कागद, काच, पत्रा वेचत. संघटनेने आधी त्यांना ओळखपत्रं मिळवून दिली. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ'चा महापालिकेशी करार झाला आणि कंटेनरऐवजी थेट दारातून कचरा घेण्याचं काम त्यांच्या हाती आलं.

या सभासदांना महापालिकेचा पगार नसतो. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुका माल भंगारवाल्याला विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. म्हणून ओला कचरा महापालिकेच्या गाडीला दिला जातो आणि सुका बाजूला काढून हाताने निवडला जातो. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, पत्रा वेगळा. प्रत्येकाचा भाव निराळा. जिची रोजी या मालावर आहे ती तो ओल्यात कशाला मिसळेल? भाजीच्या पाण्यात भिजलेल्या कागदाला भाव येत नाही, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच स्वयंपाकघरात भिजलेला असतो.

"आम्ही मालमत्ता कर भरतो, मग वेगळे पैसे कशाला?" या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. ते शुल्क म्हणजे तिची मजुरी. शिवाय तिने बाजूला काढलेला प्रत्येक किलो माल गाडीतून वाहून डेपोवर टाकावा लागत नाही. या डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्याचा त्रास वर्षानुवर्षं सोसला, आंदोलनं केली. तो भार जे हात कमी करतात, त्यांच्या मजुरीवरून दारात घासाघीस होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मोठा समज प्लास्टिकचा. वस्तूखाली बाणांचा त्रिकोण दिसला की ती पुन्हा वापरात येणारच, असं आपण धरून चालतो. तो त्रिकोण तसं काहीच सांगत नाही. त्यातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो: १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, ६ म्हणजे थर्माकोल ज्यापासून बनतो ते. बाटली भंगारात सहज खपते. थर्माकोल हलका, जागा खाणारा आणि सहसा खरकटा, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून ते धुऊन, वाळवून दिलं तरी बहुधा कोणी विकत घेत नाही. कागदी म्हणून मिरवणाऱ्या चहाच्या कपालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतं.

जे प्लास्टिक खपतं तेही कायम फिरत राहत नाही. काच आणि ॲल्युमिनियम पुनःपुन्हा वितळवता येतात, आणि ॲल्युमिनियममध्ये तर खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. प्लास्टिकचा कस मात्र दरवेळी उतरतो. बाटलीची पुन्हा बाटली होण्यापेक्षा तिचा कापडाचा धागा होण्याचंच प्रमाण जास्त. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा निष्कर्ष असा, की २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के पुनर्प्रक्रियेला गेला. म्हणून निवडून देणं जितकं गरजेचं, तितकंच मुळात कमी आणणं गरजेचं.

"विघटनशील पिशवी आहे, कुठेही टाका," हेही चूक. अशा पिशव्यांना मोठ्या खत प्रकल्पातली उष्णता लागते. नाल्यात त्या लवकर कुजत नाहीत, आणि साध्या प्लास्टिकमध्ये मिसळल्या तर सगळा माल बिघडवतात.

वस्तू आहे तशीच दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हे वितळवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. आपल्याकडे बोहारीण हेच करत आली. 'स्वच्छ'ही 'व्ही-कलेक्ट' या उपक्रमातून जुने कपडे, भांडी, चपला, फर्निचर गोळा करते. त्यातल्या चांगल्या वस्तू पुन्हा वापरात जातात.

सर्वांत वाईट समज सॅनिटरी पॅड आणि डायपरबाबतचा: "कचराच तर आहे, डब्यात टाकला की झालं." सुका कचरा हाताने निवडला जातो, म्हणजे ते रक्त आणि विष्ठा कोणाच्या तरी हाताला लागते. २०१३ मध्ये 'स्वच्छ'च्या सभासदांनी निषेध म्हणून वापरलेले पॅड आणि डायपर उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा वस्तूंसोबत गुंडाळायला पाकीट देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. पाकीट नसेल तर कागद चालतो, आणि त्यावर लाल ठिपका काढला की निवडणारी ते उघडत नाही.

जुनं वर्तमानपत्र आणि लाल पेन प्रत्येक घरात असतं. ते आजच न्हाणीघराजवळ ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि फुटलेली काच डब्यात न टाकता "काच आहे" असं सांगून वेगळी द्या.