वॉरिकचं एक वर्ष म्हणजे किती दिवस?

आपल्या होस्टेलवर ‘यूके’चा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते : फी किती आणि व्हिसा कसा? तिथे पोचल्यावर दिवस कसे जातात, हे फारसं कुणी विचारत नाही. एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी घरच्यांनी कर्ज काढलं असेल, तर खरं तर हेच आधी माहीत हवं. उदाहरणादाखल वॉरिक विद्यापीठ घेऊ.

नावात वॉरिक असलं तरी १९६५ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ आहे कोव्हेन्ट्री शहराच्या कडेला. वॉरिक हे गाव वेगळंच, चुकून तिकडचं तिकीट काढू नका! कोव्हेन्ट्री म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. आयआयटी खरगपूरला शिकलेले कुमार भट्टाचार्य यांनी १९८० मध्ये इथे ‘डब्ल्यूएमजी’ हा विभाग काढला, कारखाने आणि विद्यापीठ यांची सांगड घालण्यासाठी. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली, त्यामुळे पुण्याशीही याचं नातं जुळलं.

आता मूळ मुद्दा. वॉरिकला तीन टर्म, प्रत्येकी दहा आठवड्यांच्या. म्हणजे ‘वर्ष’ म्हणायचं, पण हातात आठवडे तीसच! तिसरी टर्म बरीचशी परीक्षांत जाते आणि उन्हाळा प्रबंधात. मोठ्या कंपन्यांचे नोकरीचे अर्ज ऑक्टोबरच्या आसपासच सुरू झालेले असतात. ‘आधी जरा रुळू, मग बघू’ म्हणणाऱ्याची डिसेंबरात झोप उडते.

अभ्यासाची तऱ्हाही वेगळी. लेक्चरचे तास कमी, बाकीचं वाचन आपलं आपण. हजेरीसाठी मागे लागणारे सर नाहीत, शेवटच्या आठवड्यात जर्नल पूर्ण करून सही घेण्याची सोय नाही. उशिरा दिलेल्या असाइनमेंटचे दर दिवसाला ५ गुण कापले जातात. आणि आपली ती ‘जीटी’? विसरा. दुसऱ्याचं उचललेलं वाक्य सॉफ्टवेअर शोधतं आणि प्रकरण चौकशीपर्यंत जातं. मार्कांचं गणितही समजून घ्या. एम.एस्सी.ला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पहिल्या असाइनमेंटला ६२ पडले म्हणून रडत बसू नका, ते चांगले मार्क आहेत!

राहणं कॅम्पसवर मिळालं तर लायब्ररी, दवाखाना, दुकान, थिएटर सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पण सगळ्यांना खोली मिळत नाही. पुष्कळ मुलं लेमिंग्टन स्पा किंवा कोव्हेन्ट्रीत भाड्याने राहतात आणि बसने येतात. मेसचा डबा नाही. स्वयंपाकघर सामायिक, भांडी आपापली. फोडणी देताना दार बंद, खिडकी उघडी. नाहीतर आगीचा भोंगा वाजतो आणि अख्खी इमारत थंडीत कुडकुडत बाहेर उभी राहते. डाळ, पीठ, मसाले कोव्हेन्ट्रीच्या फोल्सहिल भागात मिळतात.

डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. अंधार, थंडी आणि बंद खोली यांनी भलेभले खचतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे बाहेर पडणं. विद्यार्थी संघटनेचे शेकडो क्लब असतात, त्यातला एक तरी धरा. आपल्याच पोरांत राहून वर्ष काढलं तर इंग्रजीही तिथेच राहतं. मन फारच बसलं तर विद्यापीठाचे समुपदेशक आहेत, तिथे जाण्यात कसली लाज नाही.

पैशांचं थोडक्यात. डिग्री करणाऱ्यांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यातून किरकोळ खर्च निघेल, फी निघणार नाही. व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचे वर्षाला ७७६ पौंड भरावे लागतात, म्हणून पोचताच डॉक्टरकडे नाव नोंदवा. शिक्षणानंतर राहण्याचा जो व्हिसा दोन वर्षांचा होता, तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.एस्सी.वाल्यांना १८ महिन्यांचाच मिळेल. कर्जाचा हप्ता मांडताना हे धरा.

थोडक्यात, तिथे सोयी भरपूर आहेत, पण हाताला धरून कुणी नेत नाही. जायचं ठरलं असेल तर इथे असतानाच दोन गोष्टी करा : कुकर लावायला शिका आणि सबमिशन आदल्या रात्री न करता आठवडाभर आधी करून पाहा. दुसरी जास्त अवघड आहे!