हृदयाच्या शिरेत अल्कोहोल, तेही ठोके सुधारायला?

दारूमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आजचा विषय बरोब्बर उलटा आहे. अल्कोहोल थेट हृदयाच्या एका शिरेत सोडायचं आणि ठोके सुधारायचे. मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे मला समजलं तसं, साध्या भाषेत सांगतो.

आधी आजार बघू. एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणजे प्रकरण नुसत्या धडधडीचं नाही.

यावर एक उपाय म्हणजे ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयात न्यायची आणि चुकीचे विद्युत संदेश जिथून येतात तिथे डाग द्यायचा. डागलेल्या जागेतून करंट जात नाही. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या हाइसागेर यांच्या टीमने दाखवलं, की हे संदेश बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात. तेव्हापासून त्या शिरांभोवती डाग देतात.

पण एएफ सात दिवसांहून जास्त टिकून राहत असेल, तर तेवढ्याने बऱ्याचदा भागत नाही. डाग आतून दिला जातो, आणि काही तंतू भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असतात. घरातलं वायरिंग भिंतीपलीकडे असेल तर आतून प्लास्टर खरवडून काय उपयोग? त्यात शेजारच्या शिरेतून वाहणारं रक्त उष्णता ओढून नेतं. आपल्या लॅपटॉपच्या कूलिंगसारखंच, फक्त इथे ते नको असतं.

इथे मार्शल शीर कामाला येते. गर्भात डाव्या बाजूला एक मोठी शीर असते, ती पुढे आकसते आणि तिचा बारीक अवशेष उरतो. जॉन मार्शल या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने १८५० मध्ये या भागाचं वर्णन केलं. ही शीर नेमकी त्या अवघड जागेतूनच जाते. मग डॉक्टर तिच्यात छोटा फुगा फुगवतात, म्हणजे अल्कोहोल मागे येत नाही, आणि एकेक मिलिलिटर करत जवळपास शुद्ध इथेनॉल सोडतात. ते केशवाहिन्यांतून स्नायूत पसरतं आणि तिथल्या पेशी मारतं. थोडक्यात, भिंतीतल्या पाइपमधूनच औषध पोचवायचं.

फायदा किती? अमेरिकेतल्या व्हीनस चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. रुग्ण ३४३. एकाच प्रोसीजरनंतर, ठोक्यांची औषधं न घेता, वर्षभराच्या तपासणीत नुसत्या ॲब्लेशनच्या गटात ३८ टक्के लोक ठीक राहिले, अल्कोहोलची जोड दिलेल्या गटात ४९.२ टक्के. म्हणजे साधारण नऊ जणांना जोड दिली तर एकाला जास्तीचा फायदा. कमी नाही, पण जादूही नाही. निम्म्या लोकांना त्रास परत झालाच. शिवाय अल्कोहोलच्या गटातल्या १८५ पैकी १५५ जणांनाच ते देता आलं, कारण ही शीर प्रत्येकात सापडतेच किंवा नळी शिरण्याइतकी मोठी असतेच असं नाही.

धोकाही आहे. शीर फाटू शकते, हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचू शकतं.

माझ्या आत्याला एकदा ॲब्लेशन होऊनही एएफ परत सुरू झालं, तेव्हा आम्ही प्रश्नांची यादी केली होती. तुमच्या घरी वेळ आली तर विचारा: एएफ कधीमधी येतं की टिकून आहे? या डॉक्टरांनी मार्शल शिरेचं काम किती वेळा केलंय? शीर सापडली नाही तर पुढे काय? आणि एक लक्षात ठेवा. ठोके सुधारले म्हणून रक्ताची गुठळी रोखणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ती किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील.

आज एवढंच. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, भेटूया पुढच्या भागात!