मानसशास्त्राची पदवी आणि मानसशास्त्रज्ञाचा व्यवसाय

बारावीनंतर कला शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र हा विषय निवडला की घरच्या मंडळींच्या मनात सहसा दोन समजुती असतात. एक, या शास्त्राच्या अभ्यासाने समोरच्याचे मन वाचता येते. आणि दुसरी, पदवी हाती आली की मुलाला किंवा मुलीला ‘मनाचा डॉक्टर’ म्हणून पाटी लावता येते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिली पहिल्याच सत्रात गळून पडते. दुसरी मात्र अनेकदा पदवीदान समारंभापर्यंत टिकते, आणि तिची किंमत विद्यार्थ्याला वर्षांच्या व पैशांच्या रूपाने मोजावी लागते. गावातील एखाद्या मनोरुग्णाच्या कुटुंबाला तर ती त्याहून महाग पडू शकते.

मानसशास्त्र हे निरीक्षण, प्रयोग व मापन यांवर उभे असलेले शास्त्र आहे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून या शास्त्राचा स्वतंत्र संसार सुरू झाला असे मानण्यात येते. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग निघाला. सेनगुप्त हे अमेरिकेत हार्वर्ड येथे वुंट यांचेच शिष्य म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकले होते. १९२४ मध्ये म्हैसूर विद्यापीठात दुसरा विभाग सुरू झाला.

प्रयोगशाळेतील पहिले धडे

प्रारंभीच्या अभ्यासक्रमात संवेदन, अवधान, अध्ययन, स्मरण, प्रेरणा, भावना, बुद्धी व व्यक्तिमत्त्व ही प्रकरणे असतात. पुढे विकासात्मक, सामाजिक व अपसामान्य मानसशास्त्र येते. त्याबरोबर संख्याशास्त्र येते आणि तेथे अनेक विद्यार्थी दचकतात. गणित टाळण्यासाठी कला शाखेत आलेल्यास सरासरी, प्रमाण विचलन व सहसंबंध यांच्याशी झुंजावे लागते. प्रात्यक्षिकाच्या तासाला एक विद्यार्थी प्रयोगकर्ता होतो व दुसरा प्रयोज्य. एकाने अक्षरगटांची यादी दाखवायची, दुसऱ्याने ती आठवायची, पहिल्याने चुका मोजायच्या आणि मग वहीत तक्ता काढायचा. हे काम कंटाळवाणे वाटते, आणि ते तसे असतेही.

परंतु त्यामागील इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या. काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्याने मोजले व १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ नाहीसा झाला होता. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरला होता. परंतु महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश शिल्लक होता. विसर पडतो तो प्रारंभी झपाट्याने व नंतर मंद गतीने. शिकविलेल्या धड्याची उजळणी चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत न लांबविता दुसऱ्याच दिवशी का करावी, याचे उत्तर या कंटाळवाण्या आकड्यांतूनच मिळते.

बुद्धिमापनाची कथाही अशीच आहे. फ्रान्समध्ये शिक्षण खात्याने १९०४ मध्ये एक समिती नेमली. सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना विशेष साहाय्य मिळावे यासाठी त्यांना ओळखावे कसे, हा प्रश्न होता. त्यातून १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांची चाचणी तयार झाली. मुलाच्या कपाळी कायमचा शिक्का मारणे हा बिने यांचा हेतू नव्हता. बुद्धी वाढतच नाही या मताला त्यांचा विरोध होता. ही चाचणी परकीय भाषेतून जशीच्या तशी उचलून आपल्या मुलांना देता येत नाही, हे ओळखून डॉ. वि. वा. कामत यांनी कन्नड व मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले; त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. आजही एखाद्या मुलाचा बुद्ध्यंक कागदावर आला, तर चाचणी कोणत्या भाषेत, कोणत्या मुलांच्या नमुन्यावर प्रमाणित झाली होती आणि ती कोणी दिली, हे मुख्याध्यापकांनी विचारले पाहिजे.

उपचाराचा अधिकार कोणाला?

बी. ए. पदवीधर हा मानसशास्त्राचा विद्यार्थी होय. तो उपचारक नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ हा प्रथम वैद्यकीय पदवीधर असतो, त्यानंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. चाचण्या, निदानास साहाय्य व मानसोपचार हे त्याचे क्षेत्र होय. त्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयात प्रशिक्षण देणारा दोन वर्षांचा एम. फिल. आवश्यक ठरविण्यात आला. बंगलोरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत असे प्रशिक्षण १९५५ मध्ये सुरू झाले होते. २०२२ च्या नियमांनी एम. फिल. पदवी सर्वसाधारणपणे बंद झाली. या विषयापुरती प्रवेशाची मुदत वाढविण्यात आली आणि नव्या रचनेचे अभ्यासक्रमही आखण्यात आले. म्हणून प्रवेशापूर्वी त्या वर्षीची मान्यता तपासणे हिताचे.

भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचे नाव केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत असावे लागते. नोंदणीविना असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटावी इतकी अल्प आहे. समुपदेशकांचे क्षेत्र दीर्घकाळ मोकळेच राहिले होते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय कायद्याने मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांनाही आपल्या कक्षेत आणले. त्याचा एक परिणाम खेड्यातील विद्यार्थ्यांना थेट जाणवणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम थांबविण्याचे निर्देश दिले. प्रात्यक्षिकाविना हा विषय शिकविता येत नाही, हे खरेच. परंतु ज्या तालुक्यातील महाविद्यालयात हा विभागच नाही, तेथील नोकरदार तरुणाची किंवा विवाहित स्त्रीची वाट यामुळे बंद झाली, हेही नाकारता येत नाही.

उपचारक न होताही या पदवीचा उपयोग होतो. शालेय मार्गदर्शन, विशेष शाळा, पुनर्वसन केंद्रे व कारखान्यांतील कर्मचारी निवड ही त्याची क्षेत्रे आहेत. सैन्यदलांच्या अधिकारी निवडीतही मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या जातात. मात्र तेथेही बहुधा पदव्युत्तर शिक्षण लागते.

गावात कोणी मनोविकाराने त्रस्त असल्यास, ग्रामपंचायत सदस्याने त्याच्या कुटुंबीयांस जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. १९९६ पासून राबविण्यात येत असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व मनोविकार सामाजिक कार्यकर्ता यांचे पथक अपेक्षित आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतून बोलता येते. खाजगी व्यक्तीकडे जावयाचे झाल्यास, ती चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवीत असेल तर तिचा नोंदणी क्रमांक प्रथम विचारावा. तो पुनर्वसन परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो.