आर्म्स लेंग्थ : हातभर अंतराचा व्यवहार



शेतकरी उत्पादक कंपनीचे भाग आपल्यापैकी अनेकींनी घेतलेत. अशा कंपन्यांच्या कागदांत ‘आर्म्स लेंग्थ’ असा शब्द भेटतो. आर्म म्हणजे हात, लेंग्थ म्हणजे लांबी. हात पुढे करून समोरच्याला जेवढं लांब ठेवता येईल, तेवढं अंतर. आपण नको त्या माणसापासून ‘चार हात लांब’ राहतो, इंग्रजीत एका हातात भागतं! आणि ‘विदिन आर्म्स रीच’ म्हटलं की अर्थ उलटा, हाताशी असलेलं, जवळचं. हात तोच.

व्यवहारात मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १८८ सांगतं की नात्यातल्या किंवा हितसंबंधातल्या दोघांनी एकमेकांशी नातं नसल्यासारखा केलेला व्यवहार म्हणजे आर्म्स लेंग्थ.

आपल्या बचत गटाला हे कलम लागत नाही, पण प्रश्न तोच आहे. समजा, मसाल्यासाठी वीस किलो मिरची घ्यायची आहे आणि सचिवांच्या दिराचं किराणा दुकान आहे. सोनईत नात्याबाहेरचा दुकानदार शोधायचा म्हटलं तर तालुका ओलांडावा लागेल! तेव्हा दिराकडून घ्यायला हरकत नाही. भाव परक्यासारखा ठरला का, एवढंच बघायचं. बाजारात २५० रुपये किलो असताना २८० ने घेतली, तर गटाचे ६०० रुपये गेले आणि वर कुजबुज सुरू झाली. २२० ने मिळाली तरी आम्ही विचारू, का? आजच्या भिडेपोटी उद्या त्याच दुकानातून महाग माल घ्यावा लागतो.

अंतर्गत कर्जाचं जास्त अवघड. सासू-सून, जावा-जावा एकाच गटात असतात. अध्यक्षांच्या जावेचा हप्ता थकला तर विचारायचं कोणी? दंड इतरांना असेल तर तिलाही तेवढाच. इथे गोड बोलून सांभाळून घेतलं की बाकीच्याही हप्ते थकवायला लागतात, आणि मग बँकेच्या कर्जाची फेड अडते.

म्हणून तीन दुकानांचे भाव आणावेत, नातं बैठकीत आधीच सांगावं. ठराव होताना त्या बाईंनी बाहेर ओट्यावर बसावं. इतिवृत्तात असं लिहावं : ‘मिरची २० किलो. तीन भाव पाहिले. सर्वांत कमी भाव सचिवांच्या दिराचा. ठरावाच्या वेळी सचिव बाहेर होत्या. पावती जोडली आहे.’