परदेशी बाजारात शिरताना परतीची वाट

चिखली तालुक्यातल्या उंद्रीच्या शिवारात सोयाबीन दिसू लागण्याच्या कितीतरी आधी कापूस होता, आणि या टापूतला कापूस खामगावच्या बाजारात उतरत असे. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली, तशी परदेशी पेढ्यांची माणसंही आली. त्यांत फोलकार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी होती, १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबईत एकाच वेळी सुरू झालेली. मुंबईच्या दलालांच्या भरवशावर न राहता तिने खामगावात स्वतःची खरेदी-एजन्सी थाटली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये याच पेढीने टाटांशी भागीदारी केली आणि व्होल्टास जन्मली. एकाच कंपनीने परक्या मुलखात शिरण्याच्या तीन तऱ्हा वापरल्या, पण त्यासाठी शंभर वर्षं घेतली.

वाटा मोजक्याच असतात. माल व्यापाऱ्यामार्फत पाठवा, तिथे वितरक नेमा, परवाना देऊन रॉयल्टी घ्या, तिथल्या कुणाशी भागीदारी करा, कारखाना उभारा किंवा चालू कंपनीच विकत घ्या. व्यवस्थापनाची पुस्तकं यांची मांडणी बहुधा गुंतवणूक आणि ताबा यांवर करतात. मला त्याआधी दुसरंच विचारावंसं वाटतं: बेत फसला तर बाहेर कसं पडणार, आणि तोटा कुणाच्या खिशातून जाणार?

शेजारच्या जळगावचं उदाहरण पाहा. जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये उरलेला निम्माही. अमेरिकेतल्या कंपन्याही घेतल्या. यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. ठिबकचा संच नळ्यांचं भेंडोळं जहाजात टाकून विकला जात नाही. जमिनीचा उतार, पाण्याचा दाब आणि पीक पाहून आराखडा करावा लागतो, नंतर दुरुस्तीलाही माणूस लागतो. ते जाळं आणि शेतकऱ्यांचा विश्वास नव्याने उभा करण्यात किती हंगाम गेले असते! विकत घेतल्यावर तो पहिल्याच दिवशी हाती आला.

पण हाती आला तो मोठ्या अंशी कर्जावर. इकडे देशात ठिबकची विक्री सरकारी अनुदानावर चाले आणि ते पैसे अडकून पडत. २०१९ मध्ये कंपनी कर्जाच्या कचाट्यात सापडली. अखेर २०२३ मध्ये तिचा परदेशी सिंचन व्यवसाय इस्रायलच्याच रिव्ह्युलिस कंपनीत विलीन झाला आणि जैनकडे तिथला अल्प हिस्सा राहिला. माझ्या मते विकत घेण्याचा रस्ता चुकला नव्हता; घरचा पैसा थकलेला असताना एवढं उसनं घेऊन त्यावर निघणं महागात पडलं.

हलक्या पायाने गेलं की वळता येतं. भारतातलं सोयाबीन जनुकीय बदल न केलेलं, त्यामुळे सेंद्रिय सोयापेंडीला अमेरिकेत गिऱ्हाईक होतं. २०२२ मध्ये अमेरिकेने तिच्यावर अँटी-डंपिंग आणि प्रतिपूरक शुल्क लावलं. नुसता माल पाठवणारा युरोपकडे वळू शकतो. तिकडे गोदाम आणि विक्री कचेरी उभारून बसलेल्याने काय करावं?

उद्या उंद्रीतल्या शेतकरी उत्पादक कंपनीला डाळ किंवा सोयाबीन बाहेर पाठवायचं असेल, तर आयात-निर्यात कोड काढावा, अपेडा या कृषी-निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या यादीतल्या मालासाठी तिथली नोंदणी करावी. मात्र पहिली खेप मुरलेल्या निर्यातदारामार्फत जाऊ द्यावी. यात एक तोटा आहे. पलीकडचा ग्राहक निर्यातदाराचाच राहतो, आपल्या मालाला तो काय नावं ठेवतो हेही आपल्याला कळत नाही. म्हणून तपासणीचे अहवाल आपल्यालाही मिळतील, हे करारात लिहून घ्यावं. कीटकनाशकाचा अंश सापडून बंदरात माल नाकारला गेला, तर तो परत आणण्याचा किंवा नष्ट करण्याचा खर्च कुणाचा, हेही. निर्यातदार तो शेतकऱ्यांवर ढकलू पाहील. पहिल्या खेपेपुरता क्विंटलमागे थोडा कमी भाव घ्यावा लागला तरी चालेल, पण तो खर्च त्याच्याच माथी ठेवावा.